चेंडूच्या आधी रेघेवर

टेनिस मी बरीच वर्षं खेळले होते. त्यामुळे पंचांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं तेव्हा नियम पाठ करावे लागतील, नजरेचं काम तर येतंच, असं मी धरून चालले होते. पहिल्या प्रात्यक्षिकाला मला बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या कडेच्या रेघेच्या, टोकाला उभं केलं. दहा चेंडू पडले, त्यातले चार मी चुकीचे सांगितले. तेही बोटभर फरकाचे नव्हते, चांगले चार बोटं बाहेर पडलेले होते.

चूक कुठे होते ते सरांनी लगेच ओळखलं. खेळाडूची नजर चेंडूच्या मागे जाते, तीच सवय मला नडत होती. सर म्हणाले, "तू चेंडूच्या मागे धावतेयस. तो पोचायच्या आधी तू रेघेवर पोच."

म्हणजे चेंडू रॅकेटवरून सुटला की त्याचा रोख ओळखायचा, आणि तो खाली यायच्या आत नजर रेघेवर आणून ठेवायची. मान हलवायची नाही, पापणी पाडायची नाही. मग चेंडू आपणहून नजरेत येतो आणि रेघ व चेंडू यांच्यामधली फट दिसते. ऐकायला सोपं आहे, पण शरीर ऐकत नाही. उत्तम फटका बसला की डोळे त्याच्यामागे जातातच. ही ओढ मोडायला मला कित्येक आठवडे लागले, आणि या सगळ्या शिक्षणात सगळ्यात मोलाचं मला तेच वाटतं.

हातांची भाषाही शिकावी लागते. चेंडू बाहेर असेल तर आधी मोठ्याने "आउट", मग हात आडवा. आत असेल तर तोंडातून शब्द नाही. अगदी रेघेजवळ पडला असेल तर दोन्ही तळवे खाली करून दाखवायचे. तिसरी खूण आहे, चेंडू दिसलाच नाही हे सांगण्याची. दोन्ही हात डोळ्यांपाशी धरायचे.

ही तिसरी खूण मला फार जड गेली. सरावात एकदा खेळाडू नेमका माझ्या आणि चेंडूच्या मध्ये आला, आणि मी "आउट" म्हणून मोकळी झाले. सरांनी खेळ थांबवला.

"पाहिलंस?"

"बाहेर वाटला, सर."

"वाटला असेल तर हात डोळ्यांपाशी."

लाइन अंपायरला, म्हणजे रेघेवर उभ्या पंचाला, दिसलं नाही तर उंच खुर्चीत बसलेला मुख्य पंच निर्णय देतो. त्यालाही दिसलं नसेल तर पॉइंट पुन्हा खेळवतात. नियमानेच ही वाट ठेवलेली आहे. तरी सगळ्यांसमोर "मला दिसलं नाही" असं दाखवायला धीर लागतो, आणि तो मला सावकाश आला.

वर्गातला भाग तुलनेने सोपा होता. नेट मधोमध ०.९१४ मीटर, खांबापाशी १.०७ मीटर. दोन पॉइंटांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. नवे चेंडू सहसा पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर. पहिल्या खेपेला दोन गेम कमी, कारण सामन्याआधीचा सराव दोन गेमइतका धरतात. लेखी परीक्षा झाली, पास झाले.

पहिली कामं मिळाली ती मुलांच्या स्पर्धांत, रोव्हिंग अंपायरची. खुर्ची नसते. एकाच वेळी तीन-चार कोर्टांवर फिरत लक्ष ठेवायचं. मुलं आपापल्या बाजूच्या रेघांचे निर्णय स्वतः देतात, आणि शंका असेल तर चेंडू आत धरायचा असतो. पहिल्याच सकाळी दोन मुली नेटपाशी उभ्या राहून मला बोलावू लागल्या. एक म्हणे ४०-३०, दुसरी म्हणे ३०-४०. दोघींचेही डोळे भरून आलेले. मी गेमचा एकेक पॉइंट आठवायला लावला. दुसरा जुळला, तिसरा जुळला, चौथा आणि पाचवाही जुळला. वाद फक्त पहिल्या पॉइंटचा होता. नियम असा, की ज्यावर दोघींचं एकमत आहे ते पॉइंट कायम राहतात, वादातला तेवढा बाजूला काढायचा. टेनिसमध्ये पॉइंट १५, ३०, ४० असे मोजतात; दोघींचे दोन-दोन पॉइंट नक्की होते, म्हणून ३०-३० पासून पुढे खेळा, असं मी सांगितलं. कोण खरं बोलतंय हे मला ठरवावंच लागलं नाही, आणि दोघी निमूट खेळायला गेल्या. हा नियम ज्याने कुणी लिहिला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढे खुर्ची मिळाली. पॉइंट संपला की आधी हरलेल्या खेळाडूकडे बघायचं, मग स्कोअर सांगायचा, मग कार्डावर रेघ मारायची. राग निघायचा असेल तर तो त्याच दोन-तीन सेकंदांत निघतो, आणि तेव्हा आपली मान कार्डात असेल तर काहीच दिसत नाही. एका टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट ठरवणाऱ्या शेवटच्या गेममध्ये, मी हा क्रम मोडला. आधी घाईने कार्ड भरलं, तेही चुकीच्या ओळीत, आणि तोच स्कोअर मोठ्याने वाचला. ज्या मुलीला पॉइंट फुकट मिळाला होता तीच खुर्चीपाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तो पॉइंट तिचा आहे." मी "करेक्शन" म्हटलं आणि खरा स्कोअर जाहीर केला. कान तापले होते. २००४ च्या विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्स आणि कॅरोलिना स्प्रेम यांच्या सामन्यात टायब्रेकला असाच एक पॉइंट स्प्रेमला जास्तीचा दिला गेला, आणि तो दुरुस्त न होताच खेळ पुढे सरकला. माझ्या सामन्यात त्या मुलीने तसं होऊ दिलं नाही.

अंगमेहनतीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. सामना चालू असताना खुर्ची सोडून जाता येत नाही, ऊन असो वा भूक. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटं चालला, शेवटचा सेट ७०-६८. खुर्चीत मोहम्मद लाहयानी होते. मी तीन तास सलग बसले की पाठ आखडते, म्हणून तो आकडा मी नुसता वाचू शकत नाही, तो मला पाठीत जाणवतो.

आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत रेघा कॅमेरेच बघतात. ऑस्ट्रेलियन ओपनने २०२१ मध्ये लाइन अंपायर पूर्ण बंद केले, विम्बल्डनने २०२५ मध्ये. यंत्र आमच्यापेक्षा बारीक बघतं, आणि खेळाडूवर अन्याय होत नसेल तर ते हवंच. पण लाइनवर उभं राहून वर चढण्याची जी पायरी होती ती यामुळे आखूड झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं. खुर्चीतल्या माणसाची नजर घडते ती तिथेच.

लहान स्पर्धांना अजून कॅमेरे परवडत नाहीत. पुढच्या आठवड्यात माझी ड्युटी मातीच्या कोर्टावर आहे. तिथे चेंडूची खूण उमटते. खेळाडूने शंका घेतली तर खुर्चीतून उतरून ती बघावी लागते, आणि नेमकी तीच खूण हवी, बाजूची जुनी नको. त्यासाठी उतरताना पायऱ्यांकडे बघायचं नाही, नजर खुणेवरच ठेवायची. रोज संध्याकाळी रिकाम्या कोर्टावर मी तेवढंच करते. जमिनीवरच्या एका ठिपक्यावर नजर रोवून खुर्चीवरून खाली येते, आणि पुन्हा वर चढते.