लास अनोदचं भांडण नेमकं कशाचं?

सोमालियाच्या बातम्यांत लोकांना फक्त अल-शबाब ही दहशतवादी संघटना दिसते, पण तिथलं राजकारण कळायचं असेल तर उत्तरेतलं लास अनोद शहर बघा. स्वतःला स्वतंत्र देश म्हणवणारं वायव्येचं सोमालिलँड म्हणतं ब्रिटिशांच्या काळातली हद्द तीच आमची, तर १९९८ ला झालेलं ईशान्येचं स्वायत्त राज्य पुंटलँड म्हणतं इथले धुलबहांते जमातीचे लोक आमच्या हर्ती कुळातले, म्हणून जमीन आमची. २००७ ला सोमालिलँडने शहर घेतलं, २०२३ मध्ये धुलबहांते त्याच्याविरुद्ध उठले आणि मग कित्येक महिने तोफगोळे पडत राहिले, लाखाहून जास्त लोक घरं सोडून पळाले, मला तर हेच सगळ्यात जास्त लागतं. ऑगस्टमध्ये सोमालिलँडची फौज हटली. पण धुलबहांतेंना पुंटलँडही नकोच होतं, त्यांना थेट राजधानी मोगादिशूशी नातं हवं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये सोमालियाच्या केंद्र सरकारने त्यांच्या एसएससी-खातुमो प्रशासनाला मान्यता दिलीसुद्धा.