सिन्नरच्या मुरमाड रानात शेवगा: माझा अनुभव

नाशिक म्हटलं की द्राक्ष आणि कांदा. पण आमचं रान सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात, पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. द्राक्षाचं पाणी आणि फवारण्यांचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून एक एकर शेवगा करायचं ठरवलं.

बांधावरचा जुना शेवगा फांदी रोवून येतो आणि उंच जातो. आम्ही घेतला तो पीकेएम-1 हा वाण, तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा. हा बियांपासून लावतात, सहा-सात महिन्यांत फळतो, शेंग दोन फुटांच्या वर जाते. अडीच बाय अडीच मीटरवर एकरात 640 झाडं बसतात. उन्हाळ्यात खड्डे घेऊन तापू दिले, शेणखत आणि निंबोळी पेंड घातली, आणि जूनचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर प्रत्येक खड्ड्यात दोन-दोन बिया टोकल्या. बी त्याच सालचं घ्या. जुनं झालं की उगवण घटते. मुळाशी पाणी तुंबलं तर रोप कुजतं, त्यामुळे निचऱ्याचा मुरूम या पिकाला मानवतो.

खरी कसोटी छाटणीची. रोप पाऊण मीटर झालं की शेंडा खुडायचा. हिरवागार, तरारलेला शेंडा तोडायला हात धजावत नाही. आमच्या अण्णांची, म्हणजे चुलत्यांची, हयात निफाडकडच्या द्राक्षबागांत छाटण्या करण्यात गेली. ते म्हणाले, "अरे, एप्रिलच्या खरड छाटणीला अख्खी बाग उघडी होते, तिथं कुणी भितं का? खुड तू." शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं. मोकळं सोडलं तर झाड सरळ वर जातं, वाऱ्यात मोडतं आणि शेंगा हाताला येत नाहीत. शेंडा गेला की बगलेतून फुटवे येतात आणि फुलं धरतात ती याच फांद्यांवर. आमच्या झाडांना असे सहा-सात जोमदार फुटवे आले, तेव्हा अण्णांचं म्हणणं डोळ्यांना दिसलं.

पावसाळा सरता सरता केसाळ अळ्या आल्या. दिवसा त्या खोडावर दाट थव्याने चिकटून बसतात, रात्री वर चढून पाला फस्त करतात. थवा एका जागी असताना पलित्याची धग दिली की एका खेपेत आटोपतात. खोड भाजणार नाही एवढी काळजी घ्यायची. डिसेंबरच्या कडाक्यात फुलगळ झाली. त्या काळात ठिबक बेतानं चालवलं, कारण फुलोऱ्यात पाणी जास्त झालं तरी फूल टिकत नाही.

शेंगा फेब्रुवारीअखेर सुरू झाल्या. करंगळीएवढी जाड, वाकवली की पिळता येणारी शेंग तोडायची. आतलं बी टणक झालं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. जुड्या बांधून, ओल्या गोणपाटात गुंडाळून पहाटे नाशिकच्या मार्केटला न्यायच्या. मार्चमध्ये आवक वाढते आणि भाव उतरतो. थंडीत शेंग दुर्मिळ, तेव्हाच खरे पैसे.

तोडे संपल्यावर झाडं जमिनीपासून तीन फुटांवर कापली. काप तिरका घेतला, म्हणजे वर पाणी साचत नाही. कापावर आधी पांढरा डिंक येतो, मग तो तांबूस होऊन कडक बसतो. त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावली. चार-पाच महिन्यांत झाड पुन्हा फळावर येतं, त्यामुळे कापणी कधी करायची यावरून बाजार कुठला मिळणार हे ठरतं.

छाटणीचा पाला वाया जात नाही. प्रथिनं, लोह, कॅल्शियम भरपूर. आई कोवळ्या पाल्याची मूगडाळ आणि लसूण घालून भाजी करते, उरलेला शेळ्यांना. मुळं मात्र पोटात घेऊ नयेत, ती बाधतात. यंदा कडेच्या दोन ओळी फक्त पाल्यासाठी राखल्या आहेत. पाला सावलीत वाळवायचा, उन्हात जीवनसत्त्वं उडतात. त्यासाठी गोठ्याशेजारी जाळीचे रॅक बांधायला घेतलेत.