पाण्यात सोडलेले पक्षी

पाकिटाचा कोपरा कापायचा, तिकिटाभोवती बोटभर कागद राखायचा आणि तो तुकडा कोमट पाण्याच्या ताटलीत सोडायचा. मग हात बांधून बसायचं. घाईनं नखानं ओढलं की पक्ष्याची शेपटी पाकिटालाच राहते. दहा-पंधरा मिनिटांत डिंक बुळबुळीत होतो, कागद आपणहून सुटतो. चिमट्यानं अलगद उचलायचं आणि वर्तमानपत्राच्या घडीत, एखाद्या जाड शब्दकोशाखाली झोपवायचं.

माझा नवरंग असाच आला, काकांच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यातून. १९७५ सालच्या चार पक्ष्यांच्या संचातला, पंचवीस पैशांचा. पोस्टाचा शिक्का नेमका पोटावर बसलाय. जाणकार असल्या तिकिटाला नाकं मुरडतात. त्याच संचातला दोन रुपयांचा मोनाल मी दुकानातून कोरा करकरीत घेतला, पण तो बिचारा कुठे गेलाच नाही. नवरंग निदान कुणाची तरी खुशाली घेऊन आला होता. खरा नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो, पानाआडून दोन सुरांची शीळ घालतो आणि मान मोडेस्तोवर शोधलं तरी दिसत नाही.

तिकिटावर सगळे पक्षी एकाच मापाचे, ही एक गंमत. १९६८ सालचा बोटभर शिंजीर आणि १९८० सालचा मीटरभर उंचीचा माळढोक माझ्या वहीत शेजारी-शेजारी राहतात, कुणी कुणाला दबत नाही. माळढोक प्रत्यक्ष बघायला सोलापूरजवळ नान्नजला गेलो होतो. काळविटं बघून परत आलो.

सगळ्यात हवाहवासा वाटणारा संच मात्र माझ्याकडे नाही. १९९४ साली दुर्मिळ पाणपक्ष्यांची चार तिकिटं निघाली आणि लगेच मागे घेतली गेली. कारण काय, तर शाई पाण्यात विरघळणारी! पाणपक्षी, आणि त्यांनाच पाणी वर्ज्य. त्यात गुलाबी डोक्याचं बदकही होतं, जे कित्येक दशकांत कुणी खात्रीनं पाहिलेलं नाही. आधी दलदलीतून गेलं, मग पोस्टाच्या खिडकीतूनही. तो संच कधी हाती लागलाच, तर ताटली आधी माळ्यावर टाकावी लागेल.

२०१० साली चिमणी आणि कबूतर अशी जोडी निघाली. चिमणी मी लगेच वहीत लावली. कबूतर अजून पाकिटातच आहे. एसीच्या डब्यावर त्याच्या भाऊबंदांनी जो संसार मांडलाय, तो आधी उठू दे, मग बघू.