एकोणिसाव्या वचनाचा टेक

बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघं २५ वचनांचं, त्याच्या पत्रांतलं सगळ्यात छोटं. मराठी बायबलच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळापत्रकात मी त्याला एक तास दिला होता. लागले चार.

ध्वनिमुद्रणाला नुसता गोड आवाज पुरत नाही. 'फ'ची हवा माइकवर आपटते, आणि या पत्रात फिलेमोन, अप्फिया, एपफ्रास अशी नावं! माइक तिरका केला. वाचणारे सर निवृत्त शिक्षक, सत्तरी उलटलेले. पोटाची गुरगुरही माइक पकडतो, म्हणून जेवण मागे ढकलून त्यांना केळं दिलं.

अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम, धन्यापासून दुरावलेला. कैदेतला पौल त्याला परत पाठवतोय, पण गुलाम म्हणून नव्हे, बंधू म्हणून. 'अनेसिम' म्हणजेच उपयोगी. अकराव्या वचनातला 'निरुपयोगी-उपयोगी' हा खेळ मराठीत निम्माच पोचतो, कारण नावाचा अर्थ कुणाला ठाऊक नसतो आणि ऐकणाऱ्याला तळटीप देता येत नाही. हे मला दर वेळी खुपतं.

अनेसिमाचं देणं माझ्या नावावर मांड, असं फिलेमोनाला सांगून एकोणिसाव्या वचनात पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो, की मी फेडीन. सर तिथे अडले. दुसऱ्यांदा 'फेडीन'वर आवाज चिरला. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोनच काढला.

"मेहुण्याला पतसंस्थेत जामीन राहिलो होतो. अशीच सही केली होती. आठ वर्षं पगारातून हप्ते गेले." जरा थांबून म्हणाले, "मला पगार तरी होता. हा तुरुंगात, म्हातारा, तंबू करून पोट भरणारा. हा कुठून फेडणार होता?"

मला उत्तर देता आलं नाही. पौल पत्रं सांगून लिहवून घ्यायचा. त्याचं रोमकरांस पत्र लिहून घेणारा लेखनिक तर्तियस तर शेवटी स्वतःचाही सलाम घालतो. इथे पौलाने 'स्वतःच्या हाताने' म्हटलं ते दुसऱ्याच्या कर्जाची हमी देताना. इतकी वर्षं हे वचन मी नुसतं आवाजाच्या मीटरच्या काट्याकडे बघत ऐकलं होतं.

काम देणाऱ्यांनी चौथा, स्वच्छ टेक घेतला. दिवसाला किती अध्याय झाले, एवढंच त्यांना दिसतं. दुसरा टेक मी पुसलेला नाही. त्यात 'फेडीन'नंतर खुर्ची करकरते. काल ती करकर काढून पाहिली, तर तिच्याबरोबर सरांचा श्वासही गेला. परत होती तशी ठेवली.