केशरी डॅटसन, गंजका पत्रा आणि डब्यात जपलेले जुने पार्ट

गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती पळते रे?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "आत मोठं इंजिन कधी टाकतोयस?" दोन्हींचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

तर गाडी आहे १९७२ ची डॅटसन २४०-झेड (डॅटसन म्हणजे निसानचाच तेव्हाचा ब्रँड). दोन सीटची कूपे, लांबलचक बॉनेट, मागे उतरत्या काचेची डिकी, पुढे २.४ लिटरचं एका रांगेत सहा सिलिंडरवालं एल२४ इंजिन आणि त्याला दोन एसयू पद्धतीचे कार्बोरेटर. कंपनीच्या कागदावर १५१ हॉर्सपॉवर, पण ते त्या काळच्या ग्रॉस पद्धतीने, म्हणजे गाडीबाहेर नुसत्या इंजिनवर मोजलेले, आजच्या हिशोबाने बरेच कमी भरतील. वजन मात्र हजार किलोच्या जरासंच वर, त्यामुळे अंगात जेवढं आहे तेवढं ती मनापासून वापरते. रंग कंपनीचा ९१८ नंबरचा केशरी, म्हणजे होता एकेकाळी, मी घेतली तेव्हा निम्मा उडालेला होता.

अमेरिकेत ही गाडी आली १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, किंमत ३,५२६ डॉलर. साधारण अशाच रूपाची जग्वार किंवा पोर्श घ्यायची तर त्या काळी खूपच जास्त मोजावे लागायचे, आणि वर मेकॅनिकशी घरोबा ठेवावा लागायचा तो वेगळा. ही स्वस्त, रोज सकाळी चालू होणारी, आणि दिसायला अशी की आजही सिग्नलला शेजारचा काच खाली करतो. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी झेड. अमेरिकेतल्या निसानचे तेव्हाचे प्रमुख युताका कातायामा यांना ते नाव अजिबात पटेना, त्यांनी सरळ ते बिल्ले उतरवून २४०-झेडचे लावले. हे गृहस्थ पुढे १०५ वर्षं जगले, आणि १९९८ साली आमच्या इथल्या, म्हणजे मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं. फोर्डच्या गावात डॅटसनवाल्याचा सत्कार, डेट्रॉइटच्या लोकांचं मोठं मनच म्हणायचं.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे गंजावर.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि सत्तरच्या दशकातल्या जपानी पत्र्याला गंजाविरुद्ध संरक्षण जवळपास नव्हतंच. त्यात या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी, म्हणजे पत्रा गेला की गाडीच गेली. माझी गाडी शेजारच्या राज्यातल्या एका शेतावरच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. वरून बघितलं तर बरी दिसली. सीटा काढल्या, कार्पेट उचललं, तर खाली आवाज दाबायला चिकटवलेल्या डांबराच्या चटया. त्या काढायची नामी युक्ती म्हणजे ड्राय आइस, तुकडे पसरायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि हातोडीने टकटक करायचं, डांबर काचेसारखं फुटून निघतं. (हातमोजे घाला आणि गॅरेजचं दार उघडं ठेवा, तो कार्बन डायऑक्साइड आहे.) चटया निघाल्या आणि खालून गॅरेजची फरशी दिसायला लागली.

२४०-झेडचा गंज कुठे लपतो हे आता सगळ्यांना पाठ आहे, तरी घेणाऱ्याने बॅटरीपासून सुरुवात करावी. बॅटरी बॉनेटखाली पॅसेंजरच्या बाजूला, मागे फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) बसते, ऍसिड ठिबकतं, ट्रे खातं आणि मग खालची फ्रेम रेल. दुसरी जागा म्हणजे वायपरखालची ती जाळी, तिथलं पाणी आतल्या आत पुढच्या मडगार्डच्या मागे उतरतं, तिथे पाला साचून चिखल होतो आणि रॉकर पॅनेल, म्हणजे दाराखालचा पत्रा, आतून सडतं. बाहेरून रंग एकदम झकास आणि बोट लावलं की आत जातं. आधीच्या कुणीतरी अशा जागांवर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असतो, म्हणून खिशात लोहचुंबक घेऊन जायचं, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. विकणाऱ्याला राग येतो, येऊ दे.

वेल्डिंग मी इथेच शिकलो, कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात. पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला, त्यामुळे मिग वेल्डरला (यात तार आपोआप पुढे सरकते) ०.६ मिलिमीटरची बारीक तार आणि सलग रेघ कधीच ओढायची नाही, एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मग थांबायचं, हात लावून गरम आहे का बघायचं, परत एक टाका. घाई केली की पत्रा तापून वेडावाकडा होतो आणि तो सरळ करण्यात पुढचा रविवार जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लोअर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पाइपांचा आधार वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर बॉडी मधेच खचते आणि नवा फ्लोअर बसवल्यावर दार लागतच नाही. ऑनलाइन मागवलेला एक फ्लोअर पॅन बोटभर आखूड आला, दुकानाचं नाव घेत नाही, पण तो जोडत बसण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात मी सपाट पत्र्यातून नवीन घडवला असता. शेवटी जोडून घेतला, सीम सीलर, इपॉक्सी प्रायमर, आणि पोकळ भागांत मेण फवारलं. प्रायमर पंधरा-सोळा अंशांच्या खाली नीट सुकत नाही, बाहेर उणे दहा, म्हणजे गॅरेजमध्ये हीटर, म्हणजे विजेचं बिल, म्हणजे घरात चर्चा. चर्चेचा तपशील इथे देत नाही.

मागच्या सस्पेन्शनमध्ये एक स्पिंडल पिन नावाचा प्रकार आहे, झेडवाल्यांसमोर हे नाव काढलं तरी माणसं गप्प होतात. खालच्या आर्मच्या आणि चाकाच्या हाउसिंगच्या आरपार जाणारी एक लांब लोखंडी पिन, मध्ये एका छोट्या लॉक बोल्टने अडकवलेली. सांध्यातले रबरी बुश बदलायचे तर ती काढावीच लागते. आणि पन्नास वर्षांत ती हाउसिंगशी इतकी एकजीव झालेली असते की हातोडी मारली तर टोकाचे आटे फुलतात आणि मग ती कधीच बाहेर येत नाही. रोज थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडणं, टॉर्चने तापवणं, परत ऑइल, हे सगळं झालं. शेवटी शेजारच्या आजोबांनी, जे आयुष्यभर टूल अँड डायच्या, म्हणजे कारखान्यातले साचे-हत्यारं बनवायच्या कामात होते, एक जाड पाइप, एक लांब नट आणि थ्रेडेड रॉड यांचा पुलर बनवून दिला. नट आवळत गेलो, बराच वेळ काहीच नाही, आणि मग असा आवाज आला की मला वाटलं हाउसिंग फुटलं. पिन पाव इंच सरकली होती! आजोबा म्हणाले "देअर शी गोज" आणि घरी जेवायला निघून गेले. दुसऱ्या बाजूची पिन मात्र करवतीने कापूनच काढावी लागली.

एवढं सगळं झाल्यावर अपग्रेड. इथे माझं मत जरा कडक आहे. ज्या गोष्टीने गाडी नीट थांबते, पेटत नाही आणि अंधारात दिसतं, त्या खुशाल बदलाव्यात. बाकी हात लावू नये. आणि जे बदलायचं ते असं बदलायचं की पुढच्या मालकाला एका दुपारी परत मूळ स्थितीत आणता यावं. म्हणून कापाकापी नाही, ड्रिलने नवीन भोकं नाहीत, आणि निघालेला प्रत्येक पार्ट पुसून, ऑइल लावून, चिठ्ठी चिकटवून डब्यात.

ब्रेकचंच बघा. मूळचे पुढचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) दोन पिस्टनचे, ठीकठाक. पण टोयोटाच्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनवाले कॅलिपर या गाडीला सरळ बोल्टवर बसतात, हे कुणीतरी फार पूर्वी शोधून काढलंय आणि आता अर्ध्या झेड दुनियेत तेच लावलेले दिसतात. अडचण एवढीच की डिस्कच्या मागचा पत्र्याचा डस्ट शील्ड आडवा येतो आणि लोक तो कापतात. मी अख्खा काढून ठेवला, डबा नंबर चार.

वायरिंग तर वेगळीच भानगड. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या स्विचमधून फिरतो, हा भार वेगळा उचलणारे रिले नाहीत. पन्नास वर्षांत कनेक्टर तपकिरी झालेले, फ्यूज बॉक्सचं प्लास्टिक पार्किंग लाइटच्या फ्यूजपाशी वितळलेलं, आणि दिवे असे की समोरच्याला कळावं एवढेच. तयार रिले हार्नेस मिळतो, मूळच्या सॉकेटमध्ये खोचायचा, एकही वायर कापायची नाही, आणि उजेड जाणवण्याइतका वाढतो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा, २८०-झेडएक्सचा, रेग्युलेटर आतच असलेला. त्यासाठी जुन्या रेग्युलेटरच्या प्लगमध्ये बसणारा ऍडॅप्टर मिळतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदलले, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सहन करत नाही. हे काम खरं तर सगळ्यात आधी करायला हवं, पण यात फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणून लोक टाळतात.

इग्निशनवरून मात्र घरात वाद झाला. बाबा उन्हाळ्यात पुण्याहून आले होते. त्यांच्याकडे वीसेक वर्षं प्रीमियर पद्मिनी होती आणि रविवारी सकाळी प्लॅटिनम (डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-मीट करणारे पॉइंट) साफ करून त्यांची गॅप लावणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. मी २८०-झेडएक्सचा बिनप्लॅटिनमचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवत होतो ते बघून म्हणाले, "चांगलं चाललेलं काढून कशाला फेकतोस?"

"बाबा, फेकलं नाही, डब्यात आहे."

"मग डब्यात राहून काय करणार ते? गाडी बंद पडली तर रस्त्यात ही पेटी तू दुरुस्त करणार आहेस?"

हा मुद्दा खरं तर बिनतोड होता. म्हणून आता जुना डिस्ट्रिब्युटर प्लॅटिनमसकट डिकीत असतो आणि बाबांनी स्वतः त्याची गॅप लावून दिलीय. कार्बोरेटर तर पूर्ण त्यांनीच ताब्यात घेतले. दोन एसयू एकसारखे ओढतायत का हे बघायला मी फ्लो मीटर आणला होता, त्यांनी तो बाजूला ठेवला, रबरी नळीचा एक तुकडा घेतला, एक टोक कानात, दुसरं आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी मग मागच्या, आणि स्क्रू थोडा थोडा फिरवत बसले. दोन्हींचा सूं आवाज सारखा झाला की उठले. नंतर त्यांच्या नकळत मी मीटर लावून बघितला. काटा दोन्हीकडे एकाच आकड्यावर होता.

इंजिनला म्हणूनच हात लावला नाही. व्हॉल्व्ह क्लिअरन्स लावलं, गॅस्केट बदलली, झालं. व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन टाकणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण अशा गाड्या मी चालवून बघितल्यात, जोरात पळतात आणि सगळ्या एकसारख्याच वाटतात. आणि हे सहा सिलिंडर कमी पडतं म्हणणाऱ्यांनी ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली आठवावी. १९७१ मध्ये २४०-झेडनेच जिंकली, आणि १९७३ मध्ये परत, तेव्हा स्टेअरिंगवर होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा पोरगा. त्या वर्षी त्याचे आणि दुसऱ्या एका डॅटसनमधल्या हॅरी केलस्ट्रॉमचे पेनल्टी पॉइंट सारखेच झाले होते, नियमावर बोट ठेवून मेहताला विजेता ठरवलं. चिखल, खड्डे, हजारो किलोमीटर, आणि गाडी तीच. पुढे त्याने ही रॅली १९७९ ते ८२ सलग चार वेळा जिंकली. आपल्याकडे क्रिकेटच्या नादात हे नाव कुणाला माहीत नसतं, ते एक राहूनच गेलंय.

एक तक्रार उरलीये, पेट्रोलचा वास. गाडी चालताना मागे हवेचा जो पोकळ भाग होतो तो एक्झॉस्टचा धूर डिकीच्या फटीतून आत ओढतो, काचा खाली केल्या की जास्तच. डिकीचं रबर बदललं, मागच्या दिव्यांची गॅस्केट बदलली, बराच कमी झाला. तरी बायको गणपतीच्या कार्यक्रमाला या गाडीतून यायला तयार नाही, साडीला वास लागतो म्हणते.

मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांना हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, स्वस्त असते, पण गाडी फक्त शो, परेड, क्लबचे कार्यक्रम असल्या कारणांसाठीच काढायची. अपवाद ऑगस्ट, त्या महिन्यात कुठेही न्या, सरकारची हरकत नाही. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूकही ऑगस्टमध्येच असते, रस्ताभर मस्टँग आणि कमारो, त्यात आमची ही जपानी केशरी. रंगकाम तोपर्यंत होईल असं वाटतंय. डॅशबोर्डला मात्र तडे आहेत आणि ते मी तसेच ठेवणार आहे, बिनतड्याचा मूळ डॅशबोर्ड बाजारात ज्या किमतीला मिळतो त्यात मागचे ब्रेकसुद्धा बदलून होतील.

बाकी डेट्रॉइट, शिकागो किंवा टोरांटोकडे कुणाच्या ओळखीत मूळचे १४ इंची स्टील व्हील आणि त्यावरचे डी लिहिलेले हबकॅप पडून असतील तर सांगा. चार पाहिजेत, तीन असले तरी चालतील, एक माझ्याकडे आहे.