नदीच्या उलट

मेणवली, शनिवार, रात्र

पहाटे साडेपाचला निघालो आणि मेणवलीच्या घाटावर पोचेपर्यंत दिवस मावळला. सरळ महामार्गानं आलं तर सांगलीहून वाई म्हणजे चार तासांचं काम. पण आज मला सरळ यायचंच नव्हतं. उद्यापासून ज्या कृष्णा नदीतून एकटीनं खाली यायचं, ती आधी गाडीतून, उलट्या दिशेनं, एकदा डोळ्याखालून घालायची होती.

गाडी परत न्यायला मामा बरोबर. साठी उलटलीय, तरुणपणी सांगलीतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलेला माणूस. सांगलीवाडीत त्यांच्या दारात गाडी थांबवली तर आधी टपाकडे बघत राहिले. चौदा फुटी पिवळी कयाक, म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची अरुंद होडी, पुढं-मागं दोरी, शेपटाला लाल फडकं. "एवढ्याशा भोकात बसून जायाचं व्हय?" मग माझं दुपाती वल्हं हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "हलकं हाय. पण एकटीनं जायाचं काय नडलंय तुला?" याचं उत्तर मी गेले तीन महिने घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं दिलंय. मामांना काहीच दिलं नाही.

त्यांना घ्यायला येताना 1929 चा आयर्विन पूल अंधारातच ओलांडला होता. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना आधी "आयर्विनला किती फूट?" विचारतात, मग बाकीचं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं, तेव्हाची गाळाची रेघ आमच्या जिन्यात अजून आहे. नदी म्हणजे आकडा, आणि तो एका जागी उभं राहून वाचायचा, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. कदाचित म्हणूनच ती वरून खाली अखंड बघायची हौस आली असावी. सांगलीच्या घाटापर्यंत, अगदी घरापर्यंत वल्हवत यायचं, असं ठरलं होतं.

आष्ट्याहून इस्लामपूरला न जाता गाडी अंकलखोपकडे वळवली. औदुंबरला दत्ताच्या पायऱ्यांवर धुकं इतकं, की पलीकडचा काठ नाहीच. तिथंच मगरीपासून सावध राहायचा फलक. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत हे सांगलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. थंडीत ऊन खायला काठच्या मळीवर येऊन पडतात. मला वाटलं होतं फलक बघून हसू येईल. आलं नाही. कयाकमध्ये बसलं की कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीला असते आणि वल्ह्याचं पातं दर सेकंदाला पाण्यात. खालून बघणाऱ्याला ते कसं दिसत असेल, हा विचार त्या पायरीवर आला आणि मग हलेना. मामा ब्रह्मनाळच्या दिशेनं बघत होते. तिथं 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरातून माणसं आणणारी होडी उलटली होती. दोघंही काही न बोलता गाडीत बसलो.

पुढं रस्ताभर ऊस. गळीत हंगाम सुरू, त्यामुळं दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी, आणि एकाला मागं टाकलं की पुढं दुसरा हजर. टपावरच्या पट्ट्यानं मधेच घूंघूं सुरू केलं. सपाट पट्टा वाऱ्यात असा गुणगुणतो. त्याला एक पीळ दिला की गप्प बसतो. पीळ द्यायला थांबलो तर उसाच्या फडातून दोन पोरं आली, "काकी, विमान हाय का?" भडंगाचा डबा तिथंच अर्धा संपला.

बहेच्या पुलावर बराच वेळ थांबलो. खाली रामलिंगाचं बेट, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथलाच. पाणी दोन्ही बाजूंनी बेटाला वळसा घालून जात होतं, मोकळं, शांत. मामांनी बंधाऱ्याकडं बोट केलं. "त्येच्या खाली गेलीस तर पाणी सोडत न्हाई बघ." बरोबर आहे त्यांचं. भिंतीवरून पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडंच गुंडाळत येतं. त्यात होडी अडकली की पोहणारा कितीही चांगला असो, तिथल्या तिथं फिरत राहतो. म्हणून प्रत्येक बंधाऱ्याच्या खूप आधी काठाला लागायचं, पंचवीस किलोची होडी उचलायची आणि पलीकडं नेऊन पुन्हा सोडायची. माझ्या वहीत अशा उचलायच्या जागांची यादी आहे. आज ती वाढली.

कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ दशम्या खाल्ल्या. इथं नद्या नेहमीसारख्या कोनात येऊन मिळत नाहीत. कृष्णा उत्तरेकडून, कोयना दक्षिणेकडून, समोरासमोर येतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. दोघी महाबळेश्वरच्याच. पण कोयनेवर 105 टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण आणि कृष्णेवर धोमचं साडेतेराचं. म्हणजे कराडच्या खाली नाव कृष्णेचं, पाणी मात्र कोयनेचं. आमच्या आयर्विनचा आकडासुद्धा बराचसा तिचाच. हे मला माहीत होतं, पण घाटावर उभं राहून उजवीकडं आणि डावीकडं बघितल्यावर जरा फसवल्यासारखं वाटलं.

मग महामार्ग. तासवडे आणि आनेवाडी, दोन टोलनाके, दोन्हीकडं "मॅडम, हे काय?" साताऱ्यात मामांना कंदी पेढे घ्यायचे होते, घेतले. पाचवडला वाईसाठी वळलो.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा नुकता बंद झाला होता. घाटावर वसईहून आणलेली ती मोठी घंटा, आणि खाली पाणी एवढंसं. मामा पायरी उतरून काठाकाठानं पाण्यात चालून आले, जेमतेम गुडघ्याच्या वर. "ह्यातनं सांगलीला?" धोमचं पाणी कालव्याच्या पाळीनं सोडतात, उद्या सकाळी पहिले काही किलोमीटर बहुतेक होडी ओढतच न्यावी लागणार.

होडी उतरवली. ड्राय बॅगा भरल्या, पंप, दोरी, शिट्टी, सगळं दोनदा तपासलं. मग वहीतला नकाशा काढला. बहेच्या पुलावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. त्याच्या खालचं सगळं, औदुंबर, ब्रह्मनाळ, आपला घाट, राहिलं. सकाळी औदुंबरच्या पायरीवरच हे ठरलं होतं, पण दिवसभर तोंडातून निघालं नाही. घाटावर आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी राहणार होती; तिला काय सांगायचं ते बघू.

मामांना सांगितलं. "बरं वाटलं" वगैरे काही म्हणाले नाहीत. पेढ्याचा पुडा सोडत विचारलं, "मग बह्याला गाडी घिऊन मी कवा येऊ?"

"दिवस सांगते मामा, वेळ नाही सांगता येणार."

"मग दिसभर थांबतो की," म्हणाले, आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला.