पाय नसलेल्यांचे पाय

माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या पुढ्यात, बीकर उभा आहे. ‘द मपेट शो’ या जिम हेन्सनच्या बाहुल्यांच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमातला बीकर; त्या बाहुल्या म्हणजेच मपेट. डॉ. बन्सन हनीड्यू आपला प्रत्येक नवा शोध ज्याच्यावर आधी करून पाहतात, तो प्रयोगशाळेतला बापडा मदतनीस. लांबुळकं डोकं, गाजराच्या रंगाचे ताठ उभे केस, कायम खाली ओढलेलं तोंड. तो बोलतो फक्त ‘मी मी मी मी’. मराठी कानाला हा प्राणी भलताच आत्मप्रौढ वाटेल. प्रत्यक्षात इतका ‘मी’ नसलेला माणूस (म्हणजे बाहुला) अख्ख्या टीव्हीवर सापडायचा नाही.

वीतभर उंचीची ही अ‍ॅक्शन फिगर (हातपाय वळवता येणारी खेळण्यातली मूर्ती) मी जुन्यात घेतली. लूज, म्हणजे खोक्याविना. त्याच्याबरोबर मुळात एक अख्खी प्रयोगशाळा यायची. तिला माझ्याकडे येण्याआधीच पाय फुटले होते.

पायांवरून आठवलं. माझी आठ वर्षांची भाची परवा कपाटासमोर उभी राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “मामा, ह्याला पाय कधी आले?”

पोरीने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलं. टीव्हीवरच्या या बाहुल्यांना बहुतेक वेळा पाय नसतातच. असायचं कारणही नसतं. कलाकार हात डोक्यावर उंच धरून खाली उभा असतो, समोरच्या मॉनिटरवर आपलाच बाहुला बघत असतो, आणि कॅमेऱ्याची चौकट जिथे संपते तिथे बाहुलाही संपतो. त्याखाली असते ती माणसाची बाही. म्हणून तर 1979 च्या मपेट सिनेमात कर्मिट हा बेडूक चक्क सायकल चालवत निघाला तेव्हा लोक थक्क झाले. बेडकाने सायकल चालवली याचं कुणालाच नवल नव्हतं, बाहुल्याला पाय आहेत आणि वर कुणाचा हात दिसत नाही याचं होतं.

टीव्हीवर भागतं ते खेळण्यात भागत नाही. फिगर उभी राहिलीच पाहिजे. मग कुणीतरी शिल्पकार टेबलाशी बसून ठरवतो, की बीकरचे बूट केवढे, गुडघा कुठे वाकतो, पायजम्याला चुणी किती. जे कधी नव्हतं त्याचं माप काढायचं. स्वीडिश शेफची तर आणखी पंचाईत. त्याचं डोकं आणि आवाज जिम हेन्सनचा, पण बाह्यांमधून बाहेर आलेले हात त्याच्या साथीदाराचे, फ्रँक ऑझचे, खरेखुरे, हाडामांसाचे. फोमच्या बाहुल्याला माणसाचे हात, हीच तर त्यातली गंमत. प्लास्टिकमध्ये डोकं आणि हात एकाच मटेरियलचे झाले की गंमत गेली. तरी शेफ आम्हा संग्राहकांना हवाच असतो. का हवा असतो ते विचारू नका.

दुसरी एक उलटापालट मला फार आवडते. खऱ्या बाहुल्यांना जे फ्लीसचं कापड लावतात ते निवडतातच अशासाठी, की शिवण त्याच्या लवेत बुडून जावी. ती शिवण घालण्याच्या खास टाक्याला त्या धंद्यात हेन्सन स्टिच म्हणतात. सगळी कारागिरी सांधा लपवण्यात. आणि आम्ही फिगर हातात घेतली की पहिला प्रश्न काय, तर सांधे किती? मान फिरते का, मनगट वळतं का, घोटा हलतो का? कर्मिट जन्मला 1955 मध्ये, जिम हेन्सनच्या आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून. डोळे म्हणजे पिंगपाँगचा कापलेला चेंडू. त्याच्या आत एक हात, तेवढा एकच सांधा. त्या एका हाताने जेवढे चेहरे केले तेवढे आमच्या वीस सांध्यांच्या प्लास्टिकला जमणार नाहीत, हे आम्हाला ठाऊक असतं. तरी आपण मोजतोच.

मपेटच्या खेळण्यातल्या बाहुल्या आणि भावल्या आधीही निघाल्या होत्या, फिशर-प्राइसने सत्तरच्या दशकातच काढल्या. पण त्या पोरांनी चावायच्या. आमच्यासारख्या वाढलेल्या पोरांकडे गंभीरपणे पाहिलं ते पॅलिसेड्स टॉइज या अमेरिकन कंपनीने, 2002 पासून. त्यांनी नुसत्या फिगर काढल्या नाहीत, त्यांच्या जागाही काढल्या: प्रयोगशाळा, शेफचं स्वयंपाकघर, बँडचा मंच. आणि तिथेच पेच टाकला. बीकर पाहिजे? प्रयोगशाळा घ्या. ढोल बडवणारा अ‍ॅनिमल पाहिजे? मंच घ्या. मंच घेतला की तो मोकळा दिसतो, मग बँडचे बाकीचे मेंबर आले. ते एकदम यायचे नाहीत, आज हा, पुढच्या वेव्हला तो.

‘पुढच्या वेव्हला’ हे दोन शब्द म्हणजे आमच्या पंथाचं नामस्मरण. कंपनी चार-सहा फिगरचा एक गट काढते, ती वेव्ह. संग्राहक हातातली वेव्ह बघतच नाही, तो पुढचीकडे डोळे लावून असतो. आणि त्याला हवं असतं ते कोण? कर्मिट नव्हे. कर्मिट येतोच: बेडकाच्या कॉलरवाला, सुटाबुटातला, आणखी कुठल्या वेषातला. हवा असतो तो तिसऱ्या ओळीतला. मासे फेकणारा ल्यू झीलंड. विनाकारण स्फोट करणारा क्रेझी हॅरी. माझं तर ठाम मत आहे, की माणसाची पारख त्याच्या आवडत्या मपेटवरून करावी, आणि ज्याचं उत्तर पहिल्या पाचांत येतं त्याने तो कार्यक्रम नीट पाहिलेला नाही.

कंपनीचा हिशोब अर्थात वेगळा. फिगरचा खर्च प्लास्टिकचा नसतो, साच्याचा असतो. पोलादी साचा कर्मिटसाठी कोरा किंवा ल्यू झीलंडसाठी, पैसे तेवढेच. कर्मिट खपतो, ल्यू दुकानाच्या खुंटीवर लटकून राहतो, आणि खुंटी अडली की दुकानदार पुढची वेव्ह मागवत नाही. म्हणजे मी ज्याची वाट बघतोय तोच कदाचित मालिका बुडवणार. हे कळूनही माझ्या हव्या असलेल्यांच्या यादीत पहिलं नाव त्याचंच. पॅलिसेड्सने धाडसाने आडबाजूची पात्रं खरोखर काढली, आणि 2006 मध्ये कंपनी बंद पडली. त्याचा दोष मी आम्हा यादीवाल्यांवर टाकत नाही. पूर्णपणे नाही.

मग दहा वर्षांनी डायमंड सिलेक्ट या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीने पुन्हा सुरुवात केली. मपेटच्या पिटुकल्या लेगो फिगर 2022 मध्ये आल्या, बारा जणांच्या, एकेका बंद खोक्यात एकेक. आत कोण आहे ते उघडल्यावरच कळायचं. सज्जातून सगळ्यांना नावं ठेवणारे ते दोन म्हातारे, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ, वेगवेगळ्या खोक्यांत घातले होते. मला स्टॅटलर दोनदा मिळाला. दोन स्टॅटलर शेजारी बसवून पाहिले. कुजबुज होते, भांडण होत नाही.

आशेच्या आड येणारी दुसरी गोष्ट म्हणजे मालकी. बघणाऱ्याला ही सगळी एकाच घरची मंडळी वाटतात, पण घराच्या वाटण्या झाल्या आहेत. मपेट 2004 पासून डिस्नेकडे. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातले बिग बर्ड, ऑस्कर, ग्रोव्हर तो कार्यक्रम काढणाऱ्या सेसमी वर्कशॉपचे. ‘फ्रॅगल रॉक’ या हेन्सनच्याच आणखी एका मालिकेतले फ्रॅगल हेन्सन कंपनीकडेच राहिले. यात कर्मिटचं काय झालं? तो तर सेसमी स्ट्रीटवर ओव्हरकोट आणि हॅट घालून बातम्या द्यायचा, गोष्टींतल्या पात्रांच्या मुलाखती घ्यायचा. माझ्या मते त्याचं सगळ्यात विनोदी रूप तेच. पण तो बातमीदार कर्मिट बनवायचा तर बेडूक एकाकडचा आणि रस्ता दुसऱ्याकडचा. एका वीतभर ओव्हरकोटासाठी दोन घरच्या वकिलांना एका टेबलाशी बसवणारा खेळणीवाला मला अजून भेटायचाय. भेटला, तर मी त्याचा पहिला गिऱ्हाईक.

आणि स्नफी. माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात उजवीकडे एक मोकळी जागा आहे, ती मिस्टर स्नफलअपगसची. ‘सेसमी स्ट्रीट’वरचं ते केसाळ, मॅमथसारखं, लांब पापण्यांचं धूड. त्याच्या आत दोन माणसं असतात, एक पुढच्या पायांत, एक मागच्या. (म्हणजे पायांची वानवा नसलेला हा एक तरी आहे.) बिग बर्ड आठ फूट दोन इंच, त्याच्या मापाने स्नफी केला तर केवढं प्लास्टिक लागेल, किती दोरे, किती केस, त्याची किंमत काय होईल? जाणकार म्हणतात, नाद सोड. मी सोडत नाही, कारण या धुडाचा पूर्वेतिहासच तसा आहे. तो 1971 मध्ये आला तो बिग बर्डचा मित्र म्हणून, आणि मोठ्या माणसांना काही दिसेना. मोठी माणसं यायची तेव्हा तो नेमका निघून गेलेला असायचा. बिग बर्ड कंठशोष करून सांगायचा, आत्ता होता इथे. मोठी माणसं हसून म्हणायची, हो रे बाबा. चौदा वर्षं हे चाललं. शेवटी कार्यक्रम करणाऱ्यांनाच वाटू लागलं, की मोठी माणसं आपलं खरं मानत नाहीत असा धडा मुलं यातून घेतील, आणि खऱ्या संकटातही तोंड उघडायची नाहीत. म्हणून 1985 मध्ये सगळ्यांना तो एकदाचा दिसला.

तेव्हा आमच्या घरात कुणी त्या मोकळ्या जागेत फुलदाणी ठेवू का असं विचारलं, की मी शांतपणे सांगतो, तिथे स्नफी आहे. हो रे बाबा, असं उत्तर येतं.

भाचीला हे सगळं सांगून झालं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने बीकर उचलला, मी “हळू, घोटा ढिला आहे” म्हणेपर्यंत ती टेबलामागे जमिनीवर बसलीसुद्धा. मग कडेवरून गाजराच्या रंगाचे केस वर आले, मग लांब डोकं, मग ते ओढलेलं तोंड. कमरेखालचं सगळं तिच्या मुठीत. बीकरने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बघून थरथरला.

“मी मी मी,” तो म्हणाला.

मी घाईघाईने टेबलावरचे कागद बाजूला केले, त्याला जागा व्हावी म्हणून.